गिटार, हिंदी चित्रपटसंगीतातील
दुसऱ्या महायुद्धानंतर मुंबईच्या चित्रपटसंगीतात रुळलेले पाश्चात्त्य तंतुवाद्य. येथे प्रथम लोकप्रिय झाली ती हवाईयन गिटार. ती आडवी ठेवून तारांवर पोलादी कांडी सरकवीत वाजवितात. त्यामुळे मींड सहज निघते व गीताची चाल गळ्यातून यावी तशी उमटते. स्वरसंहतीची सवय नसलेल्या श्रोत्यांना ती जवळची वाटावी, हे स्वाभाविकच होय. व्हॅन शिप्ले, हजारा सिंग यांच्या ध्वनिमुद्रिका गाजल्या. स्पॅनिश गिटारीचा मान मात्र पुढे वाढला. ब्रिटनमध्ये १९५६ च्या सुमारास स्किफल संगीताने ती तरुणांच्या हाती दिली. त्यातूनच बीटल्ससारखे वृंद निघाले व त्यांचे अनुकरण मुंबईतही झाले. हरे रामा हरे कृष्णा (१९७१) मधील ‘दम मारो दम’ या गीतात भूपिंदर सिंग यांची गिटार साथीपुरती उरली नाही. ती गीताची ओळखच ठरली.