इंजिनबदल आणि स्पोर्ट्स कारचा समतोल : भाराच्या वाटणीचा विचार

प्रास्ताविक

मुंबई-अहमदाबाद राष्ट्रीय महामार्ग डहाणू तालुक्यातील चारोटीवरून तलासरीमार्गे गुजरातेत प्रवेश करतो. याच परिसरातून जव्हारकडे चढणारे वळणावळणाचे रस्ते फुटतात. सरळ वेगाचा रस्ता आणि वळणांचा रस्ता असे दोन्ही हाताशी असल्याने येथील विद्यार्थ्यांमध्ये मोटारीविषयी मोठे कुतूहल आढळते. ‘जुन्या गाडीत मोठे इंजिन बसविले तर?’ हा प्रश्न वर्गात वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर बहुधा अश्वशक्तीच्या आकड्यात दिले जाते. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाचा विचार वजन आणि वजनाची जागा या दृष्टीने केला आहे. कारण वळणावर व ब्रेक लावताना गाडी कशी वागेल, हे प्रामुख्याने त्यावर ठरते.

भाराची वाटणी

समजा, 1000 किलो वजनाच्या गाडीच्या पुढील व मागील आसांवर प्रत्येकी 500 किलो भार आहे आणि दोन आसांमधील अंतर 2.4 मीटर आहे. मूळ इंजिनापेक्षा 80 किलो जड इंजिन बसविले व ही वाढ नेमकी पुढच्या आसावर आली, तर पुढे 580 व मागे 500 किलो भार होईल. परंतु लांब इंजिनामुळे हीच वाढ आसाच्या 30 सेंटिमीटर पुढे आली, तर तरफेच्या नियमानुसार पुढील आसावर 90 किलो वाढतील आणि मागील आसावरचे 10 किलो कमी होतील. उलट, तीच वाढ आसाच्या 40 सेंटिमीटर मागे ठेवता आली, तर पुढे सुमारे 67 व मागे सुमारे 13 किलो वाढतील. वजन तेच राहते. जागा बदलली की गाडी बदलते.

झाईच्या किंवा डहाणूच्या मच्छीमारास हे वेगळे शिकवावे लागत नाही. होडीच्या मागच्या बाजूस जड इंजिन आले की मागची बाजू दबते व पुढची उचलली जाते. मग बर्फ आणि इतर सामान कोठे ठेवायचे, याचा हिशेब नव्याने करावा लागतो. होडीचा झुकाव डोळ्यांना दिसतो. गाडीचा दोष मात्र स्प्रिंगांच्या आड लपतो आणि वळणावरच प्रकट होतो.

टायरवरील भार वाढला की त्याची पकड वाढते, पण भाराच्या प्रमाणात नव्हे, त्याहून कमी. म्हणून पुढे जड झालेल्या गाडीची पुढची चाके वळणावर लवकर हार मानतात आणि सुकाणू वळवूनही गाडी वळणाच्या बाहेरच्या बाजूस सरकत जाते. ब्रेकचा धोका याहून सूक्ष्म आहे. पुढील व मागील ब्रेकमधील बलाची विभागणी कारखान्याने मूळ भारवाटणी गृहीत धरून ठरविलेली असते. मागील आसाचा वाटा घटला की जोराने ब्रेक लावताना मागची चाके अपेक्षेपूर्वीच जखडू शकतात आणि गाडीची शेपटी फिरते. पावसाळ्यातील निसरड्या रस्त्यावर हे विशेष घातक ठरते.

एकाच गाडीची दोन इंजिने

या विषयाचे सर्वांत बोलके उदाहरण ब्रिटिश ‘एमजीबी’ या स्पोर्ट्स कारचे आहे. 1962 मध्ये आलेल्या या गाडीत 1798 घनसेंमी क्षमतेचे, चार सिलिंडरांचे बिडाचे इंजिन होते. 1967 मध्ये त्याच ढाच्यात 2912 घनसेंमीचे सहा सिलिंडरांचे इंजिन बसवून ‘एमजीसी’ काढण्यात आली. हे इंजिन सुमारे 95 किलोंनी जड होते. त्यासाठी बॉनेटला फुगवटा द्यावा लागला व पुढील सस्पेन्शनची रचनाच बदलावी लागली. तरीही गाडीचे नाक जड झाल्याची टीका झाली आणि 1969 मध्ये उत्पादन थांबले.

पुढे 1973 मध्ये त्याच गाडीच्या बंद टपाच्या आवृत्तीत रोव्हरचे 3528 घनसेंमीचे आठ सिलिंडरांचे इंजिन बसविण्यात आले. क्षमता जवळजवळ दुप्पट; पण ॲल्युमिनियमच्या बांधणीमुळे हे इंजिन मूळ चार सिलिंडरांच्या इंजिनापेक्षा सुमारे 18 किलोंनी हलके होते. एमजीसीची शक्ती सुमारे 145 अश्वशक्ती, तर या गाडीची 137. म्हणजे शक्तीत फारसा फरक नाही. फरक नाकावरील वजनात. ‘मोठे इंजिन म्हणजे जड इंजिन’ ही समजूत येथे पार कोलमडते.

आपल्याकडील इंजिनबदल स्पोर्ट्स कारपेक्षा कौटुंबिक गाड्यांत अधिक घडले. मुंबईतील कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने फियाट 124 च्या ढाच्यात निसानचे 1171 घनसेंमीचे इंजिन बसवून 1985 मध्ये ‘118 एनई’ आणली. पुढे पद्मिनीतही 1366 घनसेंमीचे डिझेल इंजिन आले. डिझेल इंजिनास अधिक दाब सोसावा लागत असल्याने त्याची बांधणी साधारणतः भक्कम, म्हणून जड असते. मात्र हे बदल कारखान्यात झाले होते, जेथे स्प्रिंग व ब्रेक यांचाही फेरविचार करता येतो. रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये तो क्वचितच होतो.

कायदा आणि वजनकाटा

मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 अन्वये नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकास करता येत नाही. इंधन किंवा ऊर्जास्रोत बदलणाऱ्या संचांना अटींसह मुभा आहे. मात्र विजेवर रूपांतर करताना पुढील इंजिन काढून सारी बॅटरी डिकीत ठेवली, तर वरील दोष उलट दिशेने उद्भवतो : मागची बाजू जड होते आणि वळणावर तीच आधी सुटू पाहते.

भारवाटणी मोजण्यास प्रयोगशाळा लागत नाही. मालवाहू ट्रकांसाठी असलेल्या वजनकाट्यावर आधी केवळ पुढची चाके, मग संपूर्ण गाडी व शेवटी केवळ मागची चाके घ्यावीत. फलाट व बाहेरची जमीन एकाच पातळीत असावी, ब्रेक सोडलेले असावेत आणि इंधन व चालक दोन्ही खेपांना, म्हणजे बदलापूर्वी व बदलानंतर, तेवढेच असावेत. पुढचा व मागचा आकडा मिळून एकूण वजनाशी जुळला नाही, तर मोजणी पुन्हा करावी. मोठ्या काट्याचा सर्वांत लहान भाग 10 किलो किंवा त्याहून अधिक असू शकतो. त्यामुळे 80 किलोंचा फरक तेथे स्पष्ट दिसेल, पण 18 किलोंच्या फरकासाठी प्रत्येक चाकाखाली स्वतंत्र लहान काटाच ठेवावा लागेल.