ओरवाल: ताजी की मुरलेली?

आज ग्लासात ओरवाल! मठ पुन्हा बांधायला पैसा हवा म्हणून बेल्जियममधल्या ओरवाल या ट्रॅपिस्ट मठाने 1931 मध्ये ब्रुअरी काढली. बाजारात येते ती एकच बिअर, 6.2 टक्क्यांची. बाटलीत भरताना तिच्यात ब्रेटानोमायसेस ही रानटी यीस्ट घालतात, आणि ती उरलीसुरली साखर महिनोन्‌महिने खात राहते. म्हणून ताज्या बाटलीत हॉप्सचा कडू, टवटवीत सुगंध. वर्षभर मुरलेलीला कोरडी चव आणि चामड्यासारखा वास. मला मुरलेलीच आवडते.

घरी बिअर बनवणारे या बाटलीच्या तळाचा गाळ टाकत नाहीत, कारण त्यात ही यीस्ट असते. उकळून गार केलेल्या माल्टच्या पाण्यात तो वाढवून पुढच्या बिअरला वापरतात. तुम्हीही करून बघा, पण बाटल्या भरायची घाई नको. साखर शिल्लक असेल तर यीस्ट ती बाटलीत खात राहते, वायू साठतो आणि काच फुटू शकते.