रुंद टायर बसविल्यानंतर हवेचा दाब : वर्धा जिल्ह्यातील उष्ण हवामानाच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. ५ जून २०२५ पासून ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग वाहतुकीस उपलब्ध आहे. सेलू, वर्धा व आर्वी या तालुक्यांतून जाणाऱ्या या काँक्रीटच्या मार्गावर मोटारींसाठी ताशी १२० किलोमीटरची वेगमर्यादा आहे. एरवी हिंगणघाट किंवा आर्वीपर्यंत जाणारी गाडी आता तासन्‌तास या वेगाने धावते. अशा वेळी टायरच्या हवेतील चूक पूर्वीसारखी खपून जात नाही. गुळगुळीत झालेला टायर तपासणीत दिसतो. परंतु रेडियल टायर मुळातच थोडा फुगीर दिसत असल्याने चार-पाच पीएसआयची तूट नजरेस येत नाही.

पंक्चरच्या दुकानात ‘किती मारू?’ या प्रश्नाला दोन ठराविक उत्तरे मिळतात : टायर रुंद आहे, कमी मारा, आणि उन्हाळा आहे, अजून कमी मारा. प्रस्तुत लेखात या दोन्ही समजुतींची तपासणी केली आहे.

रुंदी नव्हे, भारांक :

गाडीचे वजन टायरचे रबर नव्हे, तर त्यात कोंडलेली हवा पेलते. विशिष्ट टायर किती वजन पेलू शकेल हे त्याच्या भारांकावरून कळते. १८५/६५ आर १५ या आकारानंतर ८८ हा आकडा असतो. त्याचा अर्थ कमाल ५६० किलो. ही क्षमता प्रमाण प्रकारच्या टायरला ३६ पीएसआय दाबावर मिळते व दाब उतरला की घटते. युरोपीय मानकांनुसार ही घट दाबांच्या गुणोत्तराच्या ०.८ या घातांकाने काढतात.

समजा, गाडीच्या दरवाजाच्या खांबावरील फलकावर या टायरसाठी ३३ पीएसआय दिले आहे. त्या दाबावर क्षमता सुमारे ५२२ किलो होते. नव्या टायरनेही किमान तेवढीच क्षमता द्यावयास हवी. १९५/६५ आर १५ (भारांक ९१, ६१५ किलो) बसविल्यास ती २९ ते ३० पीएसआयवर मिळते. येथे रुंद टायरला कमी हवा हे म्हणणे खरे ठरते. १९५/६० आर १५ चा भारांक मात्र ८८ च आहे. रुंदी वाढूनही ३३ च लागतील. शोभेसाठी मोठ्या रिमवर २०५/५० आर १६ (भारांक ८७, ५४५ किलो) चढविल्यास तर ३४ हून थोडे अधिक भरावे लागतात. टायर वीस मिलिमीटर रुंद झाला आणि हवा कमी न होता वाढली! बाजूची भिंत बुटकी झाल्याने आतील हवेची जागा फारशी वाढत नाही, हे त्यामागील कारण होय.

गणिताने दाब कमी आला तरी तो फलकावरील आकड्याखाली नेऊ नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. गणित किमान दाब सांगते. लग्नसराईत पाच माणसे व सामान घेऊन निघालेल्या गाडीचा हिशेब त्यात धरलेला नसतो. पूर्ण भारासाठी फलकावर वेगळा आकडा असल्यास तो आधार मानावा. टायरच्या भिंतीवर छापलेला कमाल दाब ही केवळ मर्यादा आहे, शिफारस नव्हे.

उन्हाळ्यातील हवा :

फलकावरील दाब थंड टायरचा असतो. म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असावी. मे महिन्यात पहाटे २८ अंश तापमानात ३३ पीएसआय भरले आणि धावून टायर ६५ अंशांपर्यंत तापला, तर मापक सुमारे ३९ दाखवील. ही वाढ अपेक्षित असून टायरच्या रचनेत ती गृहीत धरलेली असते. तरीही अनेक चालक घाबरून हवा सोडतात. गरम टायरमध्ये ३३ ठेवले तर दुसऱ्या दिवशी पहाटे त्यात जेमतेम २८ उरतात व ८८ भारांकाच्या टायरची क्षमता ४५८ किलोवर येते. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात अधिक दबतो व वाकतो. या वाकण्यातून उष्णता निर्माण होते आणि उष्णतेने आतील थर सुटू लागतात. टायर फुटू नये म्हणून सोडलेली हवाच अशा रीतीने त्याला फुटण्याकडे नेते. नायट्रोजन भरल्याने यात विशेष फरक पडत नाही. तापल्यावर त्याचाही दाब जवळपास तेवढाच वाढतो.

पावसाळ्यात कमी हवेचा धोका वेगळा असतो. विमानांच्या टायरवरील प्रयोगांतून नासाच्या संशोधकांनी १९६३ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार, साचलेल्या पाण्यावर टायर तरंगू लागण्याचा वेग दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. ३३ पीएसआयला तो ताशी सुमारे ९६ किलोमीटर, तर २७ ला ८७ येतो. मोटारीच्या टायरला हे आकडे तंतोतंत लागू नाहीत. खाचांच्या खोलीवरही पुष्कळ अवलंबून असते. तथापि रुंद टायरला अधिक पाणी बाजूला सारावे लागते, त्यामुळे त्यात कमी हवा ठेवणे अधिकच गैर होय.

नवा दाब ठरल्यावर पाच-सहा हजार किलोमीटरनंतर टायरची झीज पाहावी. मध्यभाग अधिक झिजला असल्यास हवा जास्त आहे, दोन्ही कडा झिजल्या असल्यास कमी. एकच कड झिजली असेल तर दोष हवेचा नसून बहुधा चाकांच्या अलाइनमेंटचा असतो. स्टेपनी मात्र बहुधा जुन्याच मापाची राहते. तिच्यासाठी फलकावरील मूळ दाब कायम ठेवावा आणि ती लावावी लागल्यास वेग कमी ठेवून जवळच्या दुकानापर्यंतच जावे.