जकातीच्या यादीतला कर्जदार

रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत घरोघरी जकातीचे हिशेब निघतात. वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीचा चाळिसावा भाग, म्हणजे शेकडा अडीच, गरजूंना द्यायचा, हे बिगरमुस्लिम शेजाऱ्यांनाही आता ठाऊक असते. तो नेमका कोणाला द्यायचा, ही यादी मात्र देणाऱ्यांच्याही फारशी लक्षात नसते. कुरआनच्या सूरह तौबामध्ये, साठाव्या आयतीत, आठ हकदार सांगितले आहेत. त्यांत सहावे ‘गारिमीन’, म्हणजे कर्जात बुडालेले लोक. मदरशाची पावती आणि रेशनचे किट यांच्या गर्दीत हा सहावा माणूस बहुधा राहून जातो. भूक दिसते, कर्ज इस्त्रीचा शर्ट घालून सकाळची चर्चगेट लोकल पकडते.

नालासोपारा पूर्वेच्या आचोळ्यात मात्र ते उघड्यावर आले. डंपिंग ग्राउंड आणि सांडपाणी प्रकल्पासाठी राखीव जमिनीवर उभ्या राहिलेल्या ४१ बेकायदा इमारती वसई-विरार महापालिकेने उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार नोव्हेंबर २०२४ पासून पाडायला घेतल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते काम संपले आणि २ मार्चला पहिला रोजा आला. सुमारे अडीच हजार कुटुंबांचे छप्पर गेले होते, त्यांत सगळ्या धर्मांची माणसे होती. घर पडले म्हणून घरासाठी काढलेले कर्ज पडत नाही. कर्ज माणसाच्या नावावर असते, घर फक्त तारण. नातेवाइकांकडून घेतलेले हातउसने, सोनाराकडे ठेवलेले दागिने हेही तसेच उरते, आणि वर भाड्याच्या खोलीचे डिपॉझिट नव्याने उभे करायचे.

अशा वेळी मदतीला धावणारे पुष्कळ. मोबाइलवरचे ॲप पाच मिनिटांत पैसे देते. गल्लीतला खाजगी सावकार दर महिन्याला शेकडा दहा लावतो. आणि हल्ली ‘कर्ज निम्म्यावर आणून देतो, आधी आमची फी भरा’ म्हणणारे मध्यस्थही फिरतात. ही तिसरी जात सर्वांत वाईट. बुडणाऱ्याकडूनच दोरीचे भाडे आगाऊ घेणारी!

कर्जाबाबत इस्लामची पहिली सूचना अगदी व्यवहारी आहे: लिहून ठेवा. कुरआनची सर्वांत लांब आयत (सूरह बकरह, २८२) कर्जाचा कागद कसा करावा, साक्षीदार कोण असावेत यावरच आहे. तिच्या थोडे आधी सांगितले आहे की कर्जदार अडचणीत असेल तर त्याला मुदत द्यावी आणि सोडून दिले तर अधिक चांगले. देहूच्या तुकोबांनी आपल्या वाट्याची खतपत्रे इंद्रायणीत सोडल्याची परंपरा इथे आठवल्याशिवाय राहत नाही. बिनव्याजी उसने देण्याला ‘कर्ज-ए-हसना’ म्हणतात. देवबंदचा मुस्लिम फंड १९६१ पासून याच वाटेने चालत आला आहे.

पण सगळी कर्जे मशिदीत सुटत नाहीत, आणि तशी अपेक्षाही नको. महाराष्ट्रात २०१४ पासून सावकारी नियमन कायदा आहे. सावकाराकडे परवाना आहे का, हे सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात विचारता येते. विनापरवाना सावकारी हा गुन्हा असून त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परवानाधारकालाही मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. जुन्या माणसांच्या तोंडचा ‘दामदुपट’ शब्द तो हाच. बँक किंवा फायनान्स कंपनीच्या वसुली एजंटाने सकाळी आठच्या आधी व संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, नातेवाइकांना छळायचे नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. कर्जाच्या ॲपला फोनमधले नंबर आणि फोटो चाळायचा अधिकार नाही. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्याला एक पैसाही लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. हप्ता झेपत नसेल तर थकण्याआधी शाखेत जाऊन मुदत वाढवून मागावी. तडजोड करून कमी रक्कम भरली तर सिबिलच्या नोंदीत ती ‘सेटल्ड’ अशी राहते आणि पुढच्या कर्जाला आडवी येते, हे मध्यस्थ सांगत नाहीत. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा क्रमांक आहे. स्त्रियांना ही मदत उत्पन्नाची अट न लावता मिळते.

जकात देणाऱ्यांसाठीही एक बारकावा आहे. हनफी उलेमांच्या मते जकातीचा पैसा कर्जदाराच्या मालकीचा व्हावा लागतो. त्याने सांगितले तर तो थेट सावकाराला किंवा बँकेला देता येतो. जाणत्या मस्जिद कमिटीने हाच मार्ग धरावा. कर्जदाराकडून सगळ्या देण्यांची यादी एका कागदावर घ्यावी, ती गुप्त ठेवावी, आणि त्यातले सर्वांत महाग कर्ज आधी फेडावे. भरण्याची पावती आणि ‘नो ड्यूज’चे पत्र मात्र कर्जदाराच्याच नावाने घ्यावे, कमिटीच्या नव्हे.