नेपाळचा प्रवास : लुंबिनीचा स्तंभ आणि पाटणचे बहाल

तथागतांच्या जन्मस्थानाचे दर्शन घ्यावे या इच्छेने महाराष्ट्रातून दरवर्षी अनेक उपासक-उपासिका नेपाळात जातात. बहुधा ही यात्रा बुद्धगया, सारनाथ व कुशीनगर यांच्या जोडीने होते. गोरखपूरहून निघालेली बस सोनौलीची सीमा ओलांडते, लुंबिनीत दोन-तीन तास थांबते आणि दिवेलागणीच्या आत परत फिरते. अशा यात्रेत जन्मस्थान पाहून होते, नेपाळ मात्र पाहायचा राहून जातो. पाच-सहा जणांनी मिळून खासगी गाडी ठरवावी आणि आठ दिवस तराईपासून काठमांडूच्या खोऱ्यापर्यंत सवडीने जावे, असे आम्ही सुचवितो. सुचविण्यामागे एक विशिष्ट कारण आहे. ज्या धम्माने जन्मावर आधारलेले श्रेष्ठत्व नाकारले, त्याच धम्माच्या विहारात जात कशी शिरली आणि पुढे तिला आव्हान कोणी दिले, हा प्रश्न पुस्तकात वाचण्याऐवजी दगडविटांत व चालत्याबोलत्या माणसांत पाहायचा असेल, तर नेपाळसारखा दुसरा देश नाही.

व्यवहाराच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. भारतीय नागरिकास नेपाळसाठी व्हिसा लागत नाही. पारपत्र किंवा निवडणूक ओळखपत्र पुरते. भारतीय क्रमांकाची गाडी नेल्यास सीमेवर भन्सार, म्हणजे जकात कचेरीत, तिचा परवाना काढावा लागतो. त्यापेक्षा सीमेपलीकडे नेपाळी गाडी व चालक ठरविणे सोयीचे, कारण डोंगरी रस्त्यांची त्यांना सवय असते. पावसाळ्यात दरडी कोसळून रस्ते बंद पडतात. म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी-मार्च हे महिने चांगले. चालकाशी बोलताना एक गोष्ट आधीच ठरवून घ्यावी. पाटण शहराला पूर्ण एक दिवस हवा. तसे न सांगितल्यास तो दिवस मनकामनेच्या पाळण्यात आणि बाजारहाटात जातो, हे ठरलेलेच.

लुंबिनीत पहिला मुक्काम करावा. सम्राट अशोकाचा स्तंभ १८९६ मध्ये खड्गशमशेर राणा व अलोइस फ्युरर यांच्या शोधकार्यातून उजेडात आला. त्यावरील ब्राह्मी लिपीतील मागधी प्राकृत लेख फार लहान आहे, पण त्याचे मोल मोठे आहे. अभिषेकाला वीस वर्षे झाल्यावर राजा स्वतः येथे आला, त्याने पूजा केली, स्तंभ उभारला आणि शाक्यमुनी बुद्ध येथे जन्मले म्हणून लुंबिनी गाव करमुक्त केले, असा त्याचा आशय आहे. त्यातील दोन शब्दांकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. ‘उबलिके’ म्हणजे ‘बली’ नावाचा कर माफ केलेले. ‘अठभागिये’ या शब्दाच्या अर्थाविषयी मतभेद आहेत, तरी पिकाचा आठवा हिस्सा देणारे, असा अर्थ बहुतेक अभ्यासक करतात. धर्मशास्त्रांतील रूढ राजभाग सहावा होता. बुद्धांच्या जन्मभूमीचा गौरव अशोकाने सुवर्णदानाने केला नाही, तेथल्या कसणाऱ्या माणसाचे ओझे हलके करून केला. स्तंभापुढे छायाचित्र काढून लगेच निघणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही, याचे आम्हांस वाईट वाटते.

शेजारच्या मायादेवी मंदिराखाली रॉबिन कॉनिंगहॅम यांच्या पथकाने उत्खनन केले. विटांच्या बांधकामाखाली एका लाकडी वास्तूच्या खुणा सापडल्या व त्या इसवी सनपूर्व सहाव्या शतकाइतक्या मागे जातात, असा निष्कर्ष त्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. दुसऱ्या दिवशी पश्चिमेला तिलौराकोट येथे जावे. हेच प्राचीन कपिलवस्तू, असे नेपाळचे म्हणणे. सीमेअलीकडील पिप्रहवा हे कपिलवस्तू, असे काही भारतीय पुरातत्त्वज्ञांचे. हा वाद येथे सोडविण्याचे प्रयोजन नाही. शाक्यांचा प्रदेश आजच्या सीमारेषेच्या दोन्ही अंगांना पसरलेला होता, एवढे ध्यानात ठेवले की तटबंदीचे अवशेष शांतपणे पाहता येतात. जवळच निगलीहवा येथे अशोकाचा दुसरा स्तंभ आडवा पडलेला आहे. कनकमुनी बुद्धांचा स्तूप दुपटीने वाढविल्याची नोंद त्यावर आहे.

तिलौराकोटच्या पूर्वद्वाराशी उभे राहून विनयपिटकातील एक प्रसंग आठवावा. चुल्लवग्गात तो येतो. अनुरुद्ध, भद्दिय, आनंद आदी शाक्यकुमार प्रव्रज्येसाठी निघाले, तेव्हा त्यांचा न्हावी उपाली त्यांच्याबरोबर होता. आम्ही शाक्य अभिमानी आहोत, म्हणून उपालीला आधी दीक्षा द्यावी, म्हणजे आम्हांला त्याला वंदन करावे लागेल, अशी विनंती कुमारांनीच बुद्धांना केली व ती मान्य झाली. संघातील ज्येष्ठता दीक्षेच्या क्रमाने ठरते, जन्माने नाही, हा नियम शाक्यांनी स्वतःवर असा लावून घेतला. पुढे पाटणला गेल्यावर हा प्रसंग पुन्हा लागणार आहे.

तिसऱ्या दिवशी गाडी बुटवल सोडून डोंगर चढू लागते. सिद्धार्थ राजमार्गावर तानसेन लागते. पाल्पा जिल्ह्यातील हे गाव नेवार व्यापाऱ्यांनी वसलेले आहे. येथे एक रात्र राहावे. भंते अमृतानंद यांचा जन्म १९१८ मध्ये याच गावातल्या शाक्य घराण्यात झाला. त्यांचा उल्लेख पुढे येईल. नंतर पोखरा. फेवा ताल सुंदर आहे, पहाटे माच्छापुच्छ्रेचे शिखर अधिकच सुंदर. याहून अधिक सांगण्यासारखे आमच्यापाशी नाही. तेथून पृथ्वी राजमार्गाने सुमारे दोनशे किलोमीटर जाऊन काठमांडू गाठायचे. त्याला दिवस मोडतो.

आता पाटण, म्हणजे ललितपूर. नेवारी भाषेतील ‘बहा’ किंवा ‘बहाल’ हा शब्द ‘विहार’ शब्दाचेच रूप आहे. चौकोनी अंगण, भोवती खोल्या, प्रवेशद्वारासमोर बुद्धमूर्तीचा गाभारा. ज्यांनी अजिंठ्याचे विहार पाहिले आहेत, त्यांना हा नकाशा ओळखीचा वाटेल. खडकाच्या जागी येथे वीट व लाकूड आले, इतकेच. अजिंठ्याच्या खोल्या रिकाम्या आहेत. पाटणच्या बहालांत मात्र कपडे वाळत असतात, मुले खेळत असतात, एखाद्या ओसरीवर ताम्रमूर्तीवर छिन्नी चाललेली असते. भिक्षूंच्या विहारात संसार नांदतो आहे.

हे असे कसे झाले? चिनी प्रवासी युआन च्वांग याने सातव्या शतकात नेपाळात सुमारे दोन हजार भिक्षू असल्याचे लिहून ठेवले आहे. पुढच्या काळात येथील ब्रह्मचारी भिक्षुसंघ हळूहळू क्षीण होत गेला. वज्रयान पंथाने गृहस्थ साधकाला प्रतिष्ठा दिली होती. नालंदा व विक्रमशीला उद्ध्वस्त झाल्यावर बाहेरचा आधारही तुटला. भिक्षू विवाहित झाले. विहारांची जमीन आणि देणग्या ‘गुठी’ या व्यवस्थेत होत्या. विवाहित भिक्षूच्या पश्चात विहारातील त्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न उभा राहताच उत्तर ठरले : मुलाचा. आणि मूल कोणत्या आईचे, हा पुढचा प्रश्नही त्याबरोबरच आला. आपल्याच दर्जाच्या स्त्रीपासून झालेला पुत्र तेवढा सदस्य, असा दंडक बसला. शाक्य व वज्राचार्य या दोन जाती अशा तयार झाल्या. चौदाव्या शतकातील राजा जयस्थिती मल्ल याने नेवारांची जातव्यवस्था बांधून दिली, असे नंतरच्या वंशावळी सांगतात. राजसत्तेचा दाब होताच. पण सगळा दोष राजावर टाकून मोकळे होणे आम्हांस पटत नाही. विहाराची मालमत्ता जेव्हा वारशाने जाऊ लागली, तेव्हाच जातीसाठी दार उघडले गेले. राजाने त्या दाराला चौकट बसविली, इतकेच म्हणता येईल.

या परिवर्तनाची सर्वांत बोलकी खूण म्हणजे ‘बरे छुयेगु’ हा विधी. शाक्य-वज्राचार्य कुळातील मुलाचे मुंडन होते, त्याला चीवर दिले जाते, तो भिक्षा मागतो आणि चौथ्या दिवशी चीवर परत करून गृहस्थ होतो. चार दिवसांच्या या भिक्षुत्वावर तो आयुष्यभर त्या विहाराच्या ‘संघा’चा सदस्य राहतो. ‘बरे’ हा शब्द ‘वंद्य’ या शब्दापासून आला आहे. उपालीसमोर वाकलेल्या शाक्यांचे नाव धारण करणारे कुळ जन्मानेच वंद्य ठरले, यापेक्षा मोठा उलटा प्रवास कोणता? ज्या जाती सफाईचे काम करीत, त्यांची वस्ती तर शहराच्या वेशीबाहेर होती.

पाटणच्या हिरण्यवर्ण महाविहारात, ज्याला स्थानिक लोक ‘क्वा बहा’ म्हणतात, हे सारे एकत्र पाहायला मिळते. बारा वर्षांखालील एक बालक पाळीप्रमाणे महिनाभर येथील मुख्य मूर्तीची पूजा करतो. सोन्याच्या अक्षरांत लिहिलेल्या प्रज्ञापारमितेच्या पोथीचे वाचन येथे होते. आतील अंगणात चामड्याची वस्तू नेण्यास मनाई आहे. ही सूचना आमचे वाचक सहज वाचून पुढे जाऊ शकणार नाहीत, हे आम्ही जाणतो. तरीही तेथील माणसांविषयी तुच्छता बाळगू नये, अशी आमची विनंती आहे. याच लोकांनी शतकानुशतके पोथ्या नकलून ठेवल्या. ब्रायन हॉजसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने पंडित अमृतानंद यांच्या साहाय्याने त्या मिळविल्या व कलकत्ता, लंडन, पॅरिस येथे पाठविल्या. त्यांच्याच आधारे युजेन बर्नुफ यांचा १८४४ चा ग्रंथ सिद्ध झाला आणि आधुनिक बौद्धविद्येचा पाया पडला. (हे पंडित अमृतानंद व तानसेनचे भंते अमृतानंद यांच्यात शंभर वर्षांचे अंतर आहे, नावसाधर्म्याने फसू नये.) पालीच्या विद्यार्थ्यांसाठी आणखी एक गोष्ट. विनयपिटकाच्या पाली हस्तलिखिताची चार पाने काठमांडूच्या राष्ट्रीय अभिलेखालयात आहेत. ती आठव्या-नवव्या शतकातील असून ज्ञात पाली हस्तलिखितांत सर्वांत जुन्यांपैकी गणली जातात. ओस्कार फॉन हिन्यूबर यांनी ती १९९१ मध्ये संपादित केली. ती पाने चुल्लवग्गाची आहेत.

जातीला कायद्याचे रूप दिले ते राणा राजवटीने. जंगबहादूर राणाच्या १८५४ च्या मुलुकी ऐनात जनतेची वरपासून खालपर्यंत उतरंड लावली होती. जानवेधारी वर, त्याखाली मद्यपान करणारे, त्यांतही गुलाम करता न येणारे व येणारे असे भाग, सर्वांत खाली, ज्यांच्या हातचे पाणी चालत नाही ते. तामांगांसारखे बौद्ध लोक गुलाम करता येणाऱ्यांत मोडत. एकाच अपराधाला जातीप्रमाणे वेगळी शिक्षा होती. हा ऐन १९६३ मध्ये रद्द होऊन नवा आला.

अशा देशात चीवर पुन्हा दिसले ते १९३० मध्ये. महाप्रज्ञा नावाचे भिक्षू काठमांडूच्या गल्ल्यांतून भिक्षापात्र घेऊन फिरले. ते जन्माने हिंदू श्रेष्ठ घराण्यातील; हिंदूने बौद्ध होणे हा गुन्हा असल्याने १९२६ मध्येच ते एकदा हद्दपार झालेले होते. दुसरे धम्मालोक, तुलाधर या व्यापारी घराण्यातले. या दोघांपैकी एकालाही बहालाच्या संघात जन्मसिद्ध जागा नव्हती. थेरवादी दीक्षेने ती जन्माची अटच निकामी केली, म्हणून आम्ही या घटनेला नेपाळच्या धम्मेतिहासातील वळण मानतो. १९४४ मध्ये जुद्धशमशेर याने आठ जणांना देशाबाहेर घालविले, कारण धर्मप्रचार न करण्याच्या कागदावर सही करण्यास त्यांनी नकार दिला. त्याच वर्षी सारनाथ येथे धर्मोदय सभा स्थापन झाली. भंते अमृतानंद तिचे एक प्रमुख. बंदी दोन वर्षांनी उठली.

आणि दहा वर्षांनंतर, नोव्हेंबर १९५६ मध्ये, काठमांडूत जागतिक बौद्ध परिषदेचे चौथे अधिवेशन भरले. नागपूरच्या दीक्षेला जेमतेम पाच आठवडे झाले असताना बाबासाहेब प्रकृती ढासळलेली असूनही तेथे गेले आणि २० नोव्हेंबरला ‘बुद्ध की कार्ल मार्क्स’ या विषयावर बोलले. त्या दिवशी जातवार शिक्षेचा ऐन त्या देशात रद्द झालेला नव्हता. या भाषणाचा अभ्यास आपल्याकडे होतो. ते कोणत्या भूमीवर झाले, याचा फारसा होत नाही.

शेवटचे दोन दिवस काठमांडूसाठी ठेवावेत. स्वयंभू येथे मुख्य स्तूपाला प्रदक्षिणा घालून परतणारे पुष्कळ असतात. टेकडीच्या उतारावरील आनंदकुटी विहारात मात्र थोडेच जातात. तो धम्मालोक यांनी उभा केला. २०१५ च्या भूकंपात स्वयंभूचे अनंतपूर शिखर कोसळले, बौद्धनाथ स्तूपाच्या माथ्यालाही तडे गेले. बौद्धनाथाची दुरुस्ती पुढच्याच वर्षी पुरी झाली. अशोकाने या खोऱ्यात येऊन पाटणला चार स्तूप बांधले, असे मार्गदर्शक हमखास सांगतील. ती परंपरा आहे. अशोकाचे नेपाळातील शिलास्तंभ तराईतच आहेत.

काठमांडूच्या जुन्या वस्तीत काठेसिंभू चैत्याचे अंगण आहे. त्याला लागून असलेल्या गल्लीत धर्मकीर्ती विहार आहे. धम्मावती गुरुमाँ यांनी तो १९६५ मध्ये स्थापन केला. त्या पाटणच्या, लहान वयात घर सोडून ब्रह्मदेशात गेल्या आणि पाली व अभिधम्माचे शिक्षण घेऊन परतल्या. बहालाच्या संघात स्त्रीला भिक्षुणी म्हणून स्थान नव्हतेच. येथे स्त्रियाच शिकवितात, धम्मदेशना नेवारीतून होते, आणि ऐकायला बसलेल्यांत कोण कोणत्या कुळातले, हे विचारण्याची रीत नाही. सकाळी लवकर गेल्यास बसायला जागा मिळते.