पाळणा हलण्याआधी थोरल्याची तयारी



घरात दुसरं बाळ येणार म्हटलं की तयारी सुरू होते. दुपटी शिवून होतात, डिंक-हळीव आणून ठेवले जातात, माळ्यावरचा पाळणा खाली निघतो. पण अंगणात खेळणाऱ्या थोरल्या मुलाला कोणी काही सांगतं का? त्याच्या कानावर एवढंच पडतं, "आता तुझे लाड संपले हं!" मोठी माणसं हसतात; मुलाच्या मनात मात्र भीती बसते.

मग बाळ घरी आलं की थोरलं हट्टी होतं. पुन्हा अंथरूण ओलं करतं, कोणाचं लक्ष नसताना बाळाला चिमटा काढतं. आपण धपाटा घालतो. पण आई आता आपली राहिली नाही, असं त्याला वाटत असतं आणि हे सांगायला त्याच्यापाशी शब्द नसतात.

चित्रांचं पुस्तक काय करतं?

न सापडणारे शब्द चित्र मिळवून देतं. चित्रात आईच्या मांडीवर बाळ आहे आणि दादा कोपऱ्यात बसलाय. मुलाला विचारा, "हा असा का बसला असेल?" मूल सांगेल, "त्याला राग आलाय." तो राग त्याचा स्वतःचाच असतो. "असा राग धरू नये" असं म्हणू नका. "मग आईनं त्यालाही जवळ घेतलं," असं सांगा आणि आपल्या मुलाला जवळ घ्या. वाचता येत नसलं तरी अडत नाही. चित्र पाहून गोष्ट सांगता येते.

पुस्तक कोठे मिळेल?

अंगणवाडीत व शाळेत चौकशी करा. नॅशनल बुक ट्रस्टच्या 'नेहरू बाल पुस्तकालय' मालेत मुलांची सचित्र पुस्तकं आहेत. प्रथम बुक्स या संस्थेनं २०१५ साली सुरू केलेल्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठी चित्रगोष्टी मोबाईलवर फुकट वाचता येतात.

घरीही पुस्तक करता येतं. जुन्या कॅलेंडरचे कागद घ्या, कोऱ्या बाजूवर चित्रं काढा आणि सुईदोऱ्यानं शिवा. चित्रं पाच पुरेत:

१. आईचं पोट मोठं झालंय.
२. आई दवाखान्यात किंवा माहेरी, थोरलं आजीजवळ. आई परत येणार आहे.
३. बाळ रडतं, दूध पितं, झोपतं. लगेच खेळत नाही.
४. थोरलं दुपटं आणून देतं.
५. थोरलं बाबांच्या खांद्यावर बसून जत्रेला निघालंय.

चित्र वेडंवाकडं आलं तरी चालेल. रोज रात्री एकदा पुस्तक उघडा. हे काम वडिलांनीही करावं; बाळंतपणाच्या दिवसांत थोरल्याला त्यांचाच आधार असतो. भाऊ येणार की बहीण, हे आधी सांगू नका. फक्त "बाळ येणार" म्हणा.

दोन मुलांत अंतर का हवं?

दीड वर्षाचं मूल स्वतःच मांडीवरचं असतं, त्याला ही गोष्ट कशी उमगणार? तीन वर्षांचं मूल गोष्ट ऐकतं, प्रश्न विचारतं, बाळासाठी धावतं. आईच्या शरीरालाही झीज भरून काढायला वेळ लागतो. म्हणून एका बाळंतपणानंतर निदान दोन वर्षं दिवस राहू देऊ नयेत. म्हणजे दुसरं बाळ येईपर्यंत थोरलं तीनच्या घरात येतं.

त्यासाठी तांबी, गोळ्या, निरोध व 'अंतरा' इंजेक्शन अशी साधनं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. तांबी बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आतही बसवता येते. कोणतं साधन आपल्याला योग्य, हे पति-पत्नींनी मिळून उपकेंद्रातील नर्सबाईंना किंवा डॉक्टरांना विचारावं. आशाताईही माहिती देतील.

लक्षात ठेवा: पाळण्यातल्या बाळाला दूध हवं, थोरल्याला मांडी हवी. दोघांना पुरेसं मिळावं, एवढं अंतर ठेवा.