कोयता, चकमक आणि सातबारा

मेअखेरीला कर्जत-मुरबाडकडच्या रस्त्यांच्या कडेला घिसाड्यांची पालं पडतात. जमिनीत खळगा करून केलेली भट्टी, शेजारी भाता आणि ऐरणीवर ट्रकच्या कमानपाट्याचा लालभडक तुकडा. नवरा सांडशीने पाटा धरतो, बायको घण घालते. पात्याला बाक येतो, मूठ बसवायचं टोक निघतं आणि शेवटी धारेला पाणी पाजलं की कोयता तयार. गिऱ्हाईक बहुतेक शेतकरी, पेरणीआधी हत्यारं नवी करून घेणारं. अधूनमधून त्यांत पाठीवर भलीमोठी सॅक लावलेली शहरातली पोरंही दिसतात. त्यांच्याकडे स्वीडनच्या मोरा गावच्या नावाने जगभर विकली जाणारी सुरी असते, ठिणग्या पाडायची फेरोसीरियमची कांडी असते, पॅराकॉर्डची गुंडी असते. कोयता मात्र इथलाच लागतो, कारण करवंदीच्या जाळीपुढे ती चार इंची सुरी हात टेकते.

या पोरांच्या छंदाचं नाव बुशक्राफ्ट. जंगलात कमीत कमी सामानानिशी राहता येणं, म्हणजे निवारा उभारणं, विस्तव करणं, पाणी शोधणं, दोर वळणं, झाडपाला ओळखणं. मराठीत याला एक असा शब्द नाही. कोकणातल्या किंवा जव्हारकडच्या माणसाला तो कधी लागलाच नाही. कमरेच्या आकडीत कोयता अडकवून सकाळी रानात जाणारा माणूस फक्त ‘रानात गेला’ एवढंच म्हटलं जायचं. गंमत अशी, की तोच कोयता शहरात आला की संशयित ठरतो. हातात कोयते घेऊन दहशत माजवणाऱ्या ‘कोयता गँग’च्या घटनांनंतर २०२३ मध्ये पुण्यात पोलिसांनी दुकानदारांना कोयता घेणाऱ्याची ओळख नोंदवायला सांगितलं होतं.

मागे वळून पाहिलं तर ही विद्या आपल्याकडून नेमकी कधी सुटली, ते एका वस्तूवरून तरी सांगता येतं. ती वस्तू म्हणजे काडेपेटी.

त्याआधी विस्तव दोन वाटांनी यायचा. एक वाट यज्ञातली: शमी आणि पिंपळाच्या अरणी, त्यांत उभा मंथा आणि तो दोरीने घुसळणारे हात. बुशक्राफ्टच्या शिबिरांत ‘बो ड्रिल’ म्हणून शिकवतात ती याच घुसळणीची भावकी. फक्त दोरी धनुकलीला बांधलेली असते. दुसरी वाट रोजच्या वापरातली, चकमकीची. पोलादाचा एक तुकडा, एक गारगोटी आणि जाळून काळा केलेला सावरीचा किंवा साधा कापूस, असा संसार एका पिशवीत मावायचा. ठिणगी दगडातून निघते असं वाटतं, पण ती असते लोखंडाची. गारेची धार पोलादाचा सूक्ष्म कीस काढते आणि तो हवेत पेट घेतो. काळ्या कापसावर तो पडला की लाल ठिपका धुमसत पसरतो, मग वाळक्या गवताच्या घरट्यात धरून फुंकायचं. १९२३ मध्ये वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, म्हणजे आपली विम्को, सुरू झाली आणि तिचा कारखाना अंबरनाथला उभा राहिला. काड्या स्वस्त झाल्या, गावच्या दुकानात पोचल्या आणि चकमक हळूहळू वाक्प्रचारापुरती उरली. ज्या कर्जत लोकलने आज ही पोरं रानाकडे निघतात, ती वाटेत अंबरनाथलाच थांबते.

शहरी माणसाला रान ‘शिकवायचा’ उद्योग त्याच सुमाराचा. बेडन-पॉवेलने १९०७ मध्ये ब्राउन्सी बेटावर मुलांचं पहिलं शिबिर घेतलं. त्यातून उभं राहिलेलं स्काउटिंग दोन वर्षांत भारतात पोचलं. आपल्या कित्येक आजोबांना निरगाठ आणि सुरगाठ यांतला फरक तिथेच कळला. दुसऱ्या महायुद्धात तर खुद्द शिकारी-लेखक जिम कॉर्बेट, साठी उलटल्यावर, ब्रह्मदेशात लढायला जाणाऱ्या सैनिकांना जंगल शिकवत होता, आणि तेही नागपूरच्या शेजारी छिंदवाड्याला. झाडावरच्या खुणा, पक्ष्यांचे इशारे, पिण्याजोगं पाणी. बुशक्राफ्टचा याहून मोठा मास्तर या भागात आला नसेल.

स्वातंत्र्यानंतर रान मराठी मध्यमवर्गाच्या हाती लागलं ते किल्ल्यांच्या मार्फत. गो. नी. दांडेकरांनी लिहून आणि हिंडून दोन-तीन पिढ्यांना घराबाहेर काढलं. त्यांच्या ‘माचीवरला बुधा’चा नायक मुंबई सोडून राजमाचीवर राहायला जातो, शहराला कंटाळलेल्या किती जणांनी तो वाचून सॅक भरली असेल, याची मोजदाद नाही. १९५४ मध्ये मुंबईत ‘गिरिविहार’ सुरू झाली, १९८२ मध्ये पुण्यात ‘गिरिप्रेमी’. दोर, कडा, हिमालय हे या संस्थांचं खरं काम आणि ते त्यांनी चोख केलं. पण सह्याद्रीत मुक्काम म्हणजे काय, हेही सर्वसामान्य ट्रेकर याच काळात शिकला: गुहेत किंवा देवळात पथारी, टाक्यातलं पाणी, तीन दगडांची चूल, तिच्यावर खिचडी.

इथे थोडं कडू बोलायला हवं. त्या खिचडीसाठी जळण कुठून आलं, हे फारसं कुणी विचारलं नाही. माथ्यावर झाडं आधीच मोजकी. आज एक तुकडी दहा काटक्या तोडायची, पुढच्या शनिवारी दुसरी. गडागडांवरच्या गुहांची काजळी हा त्या काळाचा दस्तऐवज आहे. त्या पिढीला काटक व्हायला रानाने मदत केली, रानाला कुणी विचारलं नाही.

कायदा मात्र जागा झाला होता. राखीव वनात विस्तव करायला बंदी १९२७ च्या भारतीय वन अधिनियमापासूनच होती; १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला. कर्नाळा १९६८ मध्येच पक्षी अभयारण्य झालं होतं. त्यामागून १९८५ मध्ये भीमाशंकर आणि १९८६ मध्ये कळसूबाई-हरिश्चंद्रगड. म्हणजे ट्रेकरांच्या आवडीच्या जागा एकामागून एक अभयारण्यांत गेल्या. वन्यजीव कायद्यातली ‘शस्त्रा’ची व्याख्या वाचण्यासारखी आहे: तीत बंदुकीबरोबर सुरी येते, गळ येतो, जाळं आणि फासही येतो. बुशक्राफ्टवाल्याने सॅक उलटी केली तर अर्धी व्याख्या जमिनीवर पडेल. अशा वस्तू घेऊन अभयारण्यात शिरायला लेखी परवानगी लागते, आणि हौस म्हणून ती मागणाऱ्याला मिळेल या भरवशावर कुणी राहू नये.

तरीही छंद वाढला, तो पडद्यामुळे. ‘मॅन व्हर्सेस वाइल्ड’ २००६ पासून घराघरांत आलं. १२ ऑगस्ट २०१९ रोजी त्याचा सूत्रधार बेअर ग्रिल्सबरोबर जिम कॉर्बेट राष्ट्रीय उद्यानात पंतप्रधान दिसले, मार्च २०२० मध्ये बंदीपूरच्या जंगलात रजनीकांत. कड्यावरून उडी, अळी तोंडात, पुढचा प्रसंग. पाहायला झकास, शिकायला जवळजवळ निरुपयोगी. त्याहून कितीतरी कामाचा ठरला ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमधला जॉन प्लँट. २०१५ पासून तो ‘प्रिमिटिव्ह टेक्नॉलॉजी’ या नावाने व्हिडिओ टाकतो. अर्धी चड्डी घातलेला हा माणूस एक अवाक्षर न बोलता माती तुडवतो, कुड विणतो, भट्टी बांधतो. लॉकडाऊनमध्ये घरी बसलेल्या पोरांनी तो तासन्‌तास पाहिला असणार. त्याच्या कुडाच्या भिंती पाहून नाशिक-ठाण्याच्या आदिवासी पाड्यांवरच्या म्हातारीला हसूच येईल. कारवीच्या काठ्या उभ्या करून त्यावर शेणमातीचा लेप देत तिचं घर उभं राहिलेलं असतं.

आता प्रत्यक्ष हातात घेतल्यावर काय होतं ते पाहू. धनुकलीच्या घुसळणीने विस्तव करायचा तर खालची फळी मऊ आणि खडखडीत वाळलेली हवी, नख दाबलं तर खूण उमटेल इतकी मऊ. फळीत खळगी, खळगीला कडेने पाचरीसारखी खाच, खाचेखाली पान. वरची काठी तळव्यातल्या दगडाने दाबायची आणि धनुकली पुढेमागे ओढायची. पहिल्या दिवशी बहुतेकांची दोरी निसटते, काठी उडते आणि दंड भरून येतात. हात बसला की खाचेत भुकटी साठू लागते. भुकटी पिवळसर राहिली तर दाब कमी पडतोय. ती काळपट तपकिरी झाली, आणि हात थांबवल्यावरही तिच्यातून स्वतःचा धूर निघत राहिला, तर आत निखारा धरला म्हणायचा. मग घाई करायची नाही. निखाऱ्याला वारा मानवतो, फुंकर नव्हे. ती नंतर, गवतात टाकल्यावर.

जुलैत कोकणात हा प्रयोग करणारा माणूस रडकुंडीला येतो. हवाच इतकी ओली असते की काल वाळवलेलं लाकूड आज दमट. मार्च-एप्रिलमध्ये तोच माणूस पाच मिनिटांत निखारा पाडतो. आणि नेमके फेब्रुवारी ते जून हेच वणव्याचे महिने. वनखातं तेव्हा जाळरेषा काढून ठेवतं, गावात दवंडी देतं, रात्री-बेरात्री डोंगर विझवायला माणसं धाडतं. विस्तव सर्वांत सहज होतो तेव्हाच तो करणं सर्वांत गैर असतं. या एका गोष्टीमुळे परदेशी पुस्तकांतलं वेळापत्रक इथे चालत नाही. आपल्याकडे सरावाचे दिवस दिवाळी ते संक्रांत.

राहिला जागेचा प्रश्न, आणि तो आधी डोंगरात नव्हे, सातबाऱ्यावर सोडवायचा. मामाचं शेत, मित्राची वाडी, ओळखीच्याचं पडीक. मालकाचा होकार आला की निवारा, दोर, चूल, धार लावणं, सगळं तिथे जमतं. अर्थात स्वतःची जमीन म्हणजे मोकळं रान नव्हे. १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्यामुळे साग, खैर, आंबा, फणस, जांभूळ, ऐन अशी झाडं स्वतःच्या बांधावरची असली तरी परवानगीवाचून तोडता येत नाहीत. बांबूचं मात्र २०१७ मध्ये सुटलं. वनक्षेत्राबाहेर लावलेला बांबू तेव्हापासून वन कायद्याच्या लेखी ‘झाड’ राहिला नाही. निवाऱ्याची काठी, पाण्याचं नळकांडं, चमचा, दोराचे बंद, नवशिक्याला लागणारं बहुतेक सगळं त्या एका बेटात मिळतं.

शेत नसलेल्यांसाठी कृषी पर्यटन केंद्रं आहेत. राज्याने २०२० मध्ये त्यांचं धोरणच केलं. पवनेकाठी तंबू लावणारे शेतकरीही विचारल्यावर ‘चूल कोपऱ्यात करा’ म्हणतात. ज्या गावांना सामूहिक वनहक्क मिळाले आहेत, तिथे ग्रामसभा हेच दार. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाने २००९ मध्ये असा हक्क मिळवून वाट दाखवली. तिथे पाहुणा म्हणून जायचं आणि गाव सांगेल तेवढंच करायचं. देवराईत तर तेही नाही. जुन्या रीतीने तिथे पडलेली काटकीसुद्धा देवाची. मुंबईकरांना झाडं, पक्षी, माग ओळखायला बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान आणि गोरेगावचं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं (बीएनएचएस) निसर्ग शिक्षण केंद्र पुरेशी आहेत. ओळखण्यापुरतंच, कापण्यासाठी नाही. गाठी मारायला तर गच्चीच्या कठड्याची दांडीही चालते.

शिबिरांच्या जाहिरातींत एक गोष्ट क्वचित दिसते: शिकवणारा कातकरी किंवा ठाकर. काताच्या धंद्यावरून ज्यांना नाव पडलं, त्या कातकऱ्यांना मासे, मध, कंद, पाणी कुठे आणि कधी, हे ठाऊक असतं. महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिवासी जमातींपैकी ती एक. वीटभट्टीच्या हंगामाला कुटुंबंच्या कुटुंबं पाड्यावरून जातात आणि त्यांच्याबरोबर ही माहितीही. भातलावणीतलं बांबू-पानांचं इरलं प्लॅस्टिकच्या कागदाने घालवलं, तेव्हा ते विणणारे हातही थांबले. तीन हजार रुपये भरून शनिवार-रविवारचं शिबिर करणाऱ्याने त्यातला एक दिवस पाड्यावरच्या म्हाताऱ्याला रोजाने मागितला, तर बरंच काही परत येईल. रोज ठरवून, आधी हातात देऊन.

झाडपाल्याच्या बाबतीत तर याला पर्यायच नाही. बिब्ब्याचा चीक अंगावर उठतो, खाजकुइलीची लव दोन तास नाचवते, कण्हेर पोटात गेली तर जिवावर बेतू शकतं. पहिल्या पावसात येणारं शेवळं पाहा. चव उत्तम, पण नुसतं शिजवलं तर घसा ओरबाडून काढतं. जोडीला काकडं घालावी लागतात, तीच टोपलीत शेजारी ठेवलेली हिरवी आंबट फळं. जूनमध्ये बदलापूर, पनवेल, पालघरच्या बाजारात शेवळांच्या जुड्या घेऊन बायका बसतात. जुडी घेताना काकडं मागून घ्या, आणि भाजी कशी करायची ते विचारा. घाई नसेल तर विकणारी सगळं सांगते.